नवोदित मार्गदर्शकांना मार्गदर्शन

दहावीचा निकाल लागला की बार्शी तालुक्यातल्या वैरागमध्ये समाजसेवेला उधाण येतं. गुणवंतांचे सत्कार होतात, शाली संपतात, आणि मग कुणाला तरी वाटतं की यंदा हायस्कूलच्या पोरांसाठी कायमस्वरूपी मार्गदर्शन उपक्रम सुरू करावा. हा विचार तुमच्या मनात आला असेल तर घाबरू नका. पुढील सूचना क्रमानं पाळा.

सर्वांत आधी फ्लेक्स. विद्यार्थी नंतरही मिळतात. वरच्या कोपऱ्यात ग्रामदैवत संतनाथ महाराज, खाली आयोजकांचे फोटो. त्यांत एक जण तरी मोबाइल कानाला लावलेला हवा. 'संकल्पना' या शब्दापुढे स्वतःचं नाव घाला, म्हणजे पुढे काहीच घडलं नाही तरी संकल्पना तुमचीच राहते. उपक्रमाला 'झेप' किंवा 'भरारी' म्हणावं. पोरांना रोज लागते ती एसटी, पण उपक्रमाला 'एसटी' नाव द्यायची पद्धत नाही.

मग उद्घाटन. पाहुणे बार्शीहून साडेदहाला येणार असतील तर मुलांना नऊला सतरंजीवर बसवा. भाषणात तालुक्यातल्याच महागावच्या रमेश घोलपांचा दाखला हवाच: आईनं बांगड्या विकल्या, मुलगा 2012च्या तुकडीत आयएएस झाला. त्यांनी आधी डी.एड. केलं, शिक्षकाची नोकरी धरली आणि मग मोठ्या परीक्षेकडे वळले, हा मधला भाग मात्र गाळा. हातात पोटापाण्याचं काही धरून पुढची उडी कशी मारायची, हेच पोरांना ऐकायचं असतं. पण त्यावर टाळ्या पडत नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांचाही उल्लेख करावा. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हे सांगताना पावतीपुस्तक आत ठेवावं.

मार्गदर्शक म्हणून पुण्यात आयटीत असलेला भूमिपुत्र उत्तम. तो वर्षातून एकदा, यात्रेला येतो. डाळमिलचा हिशेबनीस, आयटीआय केलेला वायरमन, सरकारी दवाखान्यातली नर्स, पोलीस भरतीत 1600 मीटर धावून थोडक्यात राहिलेला तरुण, यांना बोलावू नका. हे लोक गावातच असतात. पोरं उद्या त्यांच्या दारात जाऊन प्रश्न विचारतील.

विद्यार्थी निवडताना वर्गातले पहिले पाच घ्या. ते तुमच्याविनाही पास होणार आहेत, त्यामुळे उपक्रमाचा निकाल शंभर टक्के लागतो. शेवटच्या बाकावरच्या, बावन्न टक्केवाल्या, सुगीत शेतावर जाणाऱ्या पोराला घेतलंत तर त्याच्या घरी जावं लागेल, बापाशी बोलावं लागेल.

इथवरच्या सूचना पाळणाऱ्यांनी फोटो ग्रुपवर टाकून घरी जायला हरकत नाही. पुढचं खरोखर उपक्रम चालवू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि ते अगदीच नीरस आहे.

एका मोठ्या माणसाकडे दोन-तीन पोरं. वार ठरलेला, वेळ ठरलेली, जागा शाळेतलीच. बैठक शाळा सुटल्यावर ठेवू नका. वाडी-वस्तीवरच्या पोरांची गाडी निघून जाते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, पण चालक मार्गदर्शकासाठी थांबत नाही.

पहिल्या बैठकीत ध्येय विचारू नका. आठवीच्या पोराला ध्येय विचारलं की ते 'कलेक्टर' म्हणतं आणि गप्प बसतं. त्यापेक्षा कागदपत्रं बघा. एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचंच घ्या. सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं मूल, सातवीत किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 50), पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये. शाळा परीक्षेची तयारी करून घेते, निवड झाली की फलकावर नावही लागतं. घोळ त्यानंतर होतो. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं, दहावीत 60 टक्के टिकवावे लागतात, खातं आधारला जोडलेलं लागतं. आधारवर 'ज्ञानेश्वर', शाळेत 'माऊली' आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग असेल तर पैसे अडकतात. ते सोडवायला पोराबरोबर बँकेत तासभर बसणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक. अकरावीचे प्रवेश 2025पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरताना नेट कॅफेवाल्याखेरीज कुणी तरी शेजारी असावं, एवढीच अपेक्षा आहे.

एका बाबतीत गंमत नको. उत्साही काकांना 'समाजकार्य' म्हणून थेट वर्गात सोडू नका. कोण आहे, काय करतो, याची चौकशी आधी. भेट उघड्या दाराच्या खोलीत. मुलीला एकटीला घरी बोलावणं बंद. शासनाच्या 2022च्या निर्णयानं शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तिला उपक्रम कळवा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फ्लेक्सवर तुमच्या फोटोपेक्षा मोठा छापा. फ्लेक्सचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

आता मुदतीचं. अमेरिकेत 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही संस्था 1904 पासूनची परंपरा सांगते. तिथल्या मोठा माणूस आणि मूल अशा जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी 2002 साली मांडला. वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास मात्र पहिल्यापेक्षा खाली गेला होता. कारण उघड आहे. आणखी एक मोठा माणूस येतो म्हणाला आणि आला नाही, एवढंच त्या पोराच्या लक्षात राहतं. आपल्याकडचे बहुतेक उपक्रम जूनमध्ये जन्मतात आणि गणपतीच्या वर्गणीत विरून जातात. म्हणजे बरोबर त्याच तीन महिन्यांत.

तेव्हा आठवड्याचा एक तास, पुढचं अख्खं वर्ष, काढता येईल का याचा हिशेब आधी घरी बसून करा. जमणार नसेल तर यंदाही सत्कारच करा. शालीनं कुणाचं नुकसान होत नाही.