बुराक मारण्याचा पगार

१९७५ साली मला वास्कोत नोकरी लागली तेव्हा पेडण्याला आईने विचारलं, "काम कितें?"

"कार्डांना भोकं पाडायची."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बुराक मारपाक पगार दितात?" पोर्तुगीज गेले, पण 'बुराक' शब्द इथेच विसरून गेले. माझ्या धंद्याला तोच चिकटला.

एका खनिजवाल्या कंपनीच्या बार्जींवरच्या खलाशांचे पगार आम्ही कार्डांवर पंच करायचो. एका कार्डात ८० रकाने. सासष्टीचा एखादा खलाशी तीन नावं आणि दोन आडनावं घेऊन आला, की त्याच्या नावाचं शेपूट अरबी समुद्रात. खरं यंत्र, आयबीएम १४०१ संगणक, मुंबईत होतं. त्याची स्मरणशक्ती जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची. साहेब हा आकडा देवळात बोलावं तसा हळू सांगायचे.

हे यंत्र मिनिटाला ८०० कार्डं गिळायचं म्हणे. पण आमची कार्डं जुलैत वास्कोची हवा पिऊन फुगत आणि त्याच्या घशात अडकत. मुंबईहून शिव्या आल्या. आई म्हणाली, "पापडांच्या डब्यांत घाल." घातली. त्या महिन्यात एकही कार्ड अडकलं नाही. उपाय माझाच, असं साहेबांना मी सांगितलं. पुढे बढतीही मिळाली, ती आईला सांगितली नाही.

कार्डांची पेटी मुंबईला न्यायची तर आधी कुठ्ठाळीची फेरी. झुवारीवर पूल यायला अजून अवकाश होता. एकदा उतरताना माझा पाय घसरला आणि २००० कार्डं फेरीभर पसरली. क्रम पुन्हा लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारलेली असायची. तिने लाज राखली. मासळीवाल्या बायकांनी टोपल्या बाजूला ठेवून कार्डं वेचून दिली. मुंबईच्या थंडगार खोलीत त्या महिन्यात बांगड्याचा वास दरवळला असणार. एक कार्ड मात्र झुवारीने ठेवून घेतलं.

पगाराच्या दिवशी एक दांडगा खलाशी खिडकीशी आला. यादीत नाव नाही.

"मशिनीच्या हिशोबाने तू बार्जीवर नाहीसच," मी म्हणालो.

डिचोलीकडचं खनिज घेऊन, आग्वादचं तोंड खवळलेलं म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळसा घालून, रात्रभर जागून तो मुरगावला पोचला होता. त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"तर काल रातीं बार्ज तुज्या मशिनीन चलयली?"