अर्ज नामंजूर

पिल्लू आणायचं ठरलं की आमच्या सोसायटीत आधी बी विंगमधल्या मॅनेजरसाहेबांना भेटावं लागतं. तसा नियम नाही. पण कोथरूडमध्ये नसलेले नियमच जास्त काटेकोरपणे पाळले जातात. साहेब बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. कर्ज देणं हे त्यांचं काम होतं आणि न देणं हा छंद. काम सुटलं, छंद राहिला.

"बसा. कोणतं घेताय?"

"हस्की," तरुण जोडपं मोबाइलवरचा फोटो पुढे करतं.

साहेब चष्मा कपाळावर चढवून त्या निळ्या डोळ्यांकडे बघतात. "हा सैबेरियाचा. बर्फात गाडी ओढणारा. आपल्याकडे एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. एसी कोणाच्या खोलीत आहे?"

"आमच्या."

"होता म्हणा."

मग छाननी सुरू होते. मुदत साधारण 10 ते 13 वर्षं. मुदतीआधी खातं बंद करता येत नाही. जामीनदार चालत नाही, कारण 'आई बघेल' म्हणणारा प्रत्येक अर्जदार आईला न विचारता तिची सही ठोकत असतो. दीड-दोन महिन्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लशी, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, पुढे दरवर्षी बूस्टर. शिवाय जंतांचं औषध, पावसाळ्यात गोचीड, महापालिकेचा परवाना. कांदा, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य.

"पोहे खाताना त्यानं मागितले तर?"

"नाही म्हणू."

"तो कसा बघतो, माहितेय?" इथे मात्र साहेबांचा आवाज जरा कातर होतो.

हुकमी प्रश्न शेवटी येतो. "नागपूरला मेव्हण्याचं लग्न आहे. रेल्वेनं न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत. दोन्ही जमणार नसेल तर लग्नाला कोण जाणार नाही?" नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि अर्ज तिथेच बारगळतो. एका गृहस्थांचे डोळे मात्र या प्रश्नावर लकाकले होते. साहेबांनी 'हेतू संशयास्पद' म्हणून त्यांनाही परत पाठवलं.

"आदर्श कर्जदार एकच झाला, धर्मराज," साहेब सांगतात. "इंद्र रथ घेऊन उभा, म्हणतो कुत्रा सोड नि स्वर्गात चल. सोडला नाही. आणि तुम्ही बेंगळुरूला बदली झाली की सोडणार!"

यावरून साहेब प्राण्यांच्या विरोधात आहेत असं वाटेल. पण सोसायटीच्या सभेत कुणी कुत्र्यांना लिफ्टबंदी सुचवली, की साहेब भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना खिशातून काढतात. पाळीव प्राण्यांवर बंदी नाही, लिफ्टचं वेगळं शुल्क नाही. दुसऱ्या खिशात शी उचलायच्या पिशव्या असतात. हक्क डाव्या खिशात, कर्तव्य उजव्या.

त्यांचा स्वतःचा बंड्या अस्सल गावठी. एका जुलैत पार्किंगमध्ये कुडकुडत आला. "पाऊस थांबेपर्यंत राहू दे," साहेब म्हणाले होते. वहिनींच्या हिशेबी तो पाऊस अजून थांबलेला नाही. ना अर्ज, ना छाननी, ना तारण. याबद्दल छेडलं की साहेब म्हणतात, "तो जुना व्यवहार आहे."

आणि फायदा? "शून्य," साहेब ठणकावतात. मात्र डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सांगूनही न झालेलं चालणं आता दिवसातून दोनदा होतं, भर पावसातही. कॅनडातला मुलगा आठवड्याला एकदा फोन करायचा, आता रोज करतो. 'बाबा, जरा बाजूला व्हा, बंड्या दिसत नाही' म्हणतो, पण करतो. अख्ख्या नोकरीत साहेब केबिनमध्ये शिरले म्हणून कुणाला आनंद झाल्याची नोंद नाही. आता कचरा टाकून दोन मिनिटांत परतले तरी घरात दिवाळी असते. दिवाळी म्हणणंही बरोबर नाही. खऱ्या दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा साहेब बंड्याला घेऊन बाथरूममध्ये पाटावर बसलेले असतात.

परवा मात्र एक अर्ज मंजूर झाला. अर्जदार सातवीतली मुलगी.

"सुट्टीत मामाकडे गेलीस तर?"

"मामा कुत्र्याला घाबरतो. त्याला सांगून टाकलंय, आता तूच ये."

"येईल?"

"घाबरत घाबरत येईल."

साहेबांनी जागच्या जागी मंजुरी दिली. अट एकच: दर रविवारी ते स्वतः तपासणीला येणार. अजून एकही रविवार चुकलेला नाही. फक्त परत आल्यावर बंड्या त्यांच्या पँटचा वास घेतो, आणि मग साहेबांना आपल्याच घराच्या उंबऱ्यावर बराच वेळ खुलासा करत बसावं लागतं.