ठाण्याच्या खाडीतील छोट्या रोहितांस तक्रारवजा खुले पत्र

रा. रा. छोटे रोहित, हंगामी मुक्काम ठाण्याची खाडी, यांसी सा. न. वि. वि.

भांडुपच्या बाजूस, मिठागराच्या बांधाशी जेथे ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्या जागेवर गेली पस्तीस वर्षे माझी निर्वेध वहिवाट असता, आपण थंडीच्या तोंडावर कच्छच्या रणाकडून, कोणताही परवाना न घेता, हजारोंच्या जथ्याने येऊन ठाण मांडता आणि मृगाची चाहूल लागताच छदामही सारा न भरता चालते होता, सबब ही तक्रार.

आपल्या आगमनापूर्वी या बांधावरून पाणी दिसे. निवट्या चिखलावर उड्या मारीत, आणि तिवरांची रांग बांधाला बिलगून असे. पुढे पूल झाले, भराव पडले, प्रवाह मंदावला, गाळ बसला, आणि गाळ बसेल तसतशी तिवरे सरकारी मोजणीदाराची वाट न पाहता पुढे सरकली. आता भांगाच्या दिवसांत तर पाण्याचा केवळ वास येतो. आषाढातली खाडी आपण पाहिलेलीच नाही. तेव्हा वाफे बुडतात, मिठाचा मागमूस राहत नाही, गढूळ पाणी बांधाला धडका देते, आणि त्या ओल्या एकांतात माझी मालकी निदान चार महिने तरी निर्विवाद असते.

परंतु मुख्य मुद्दा हिशेबाचा आहे. आपण चोच उलटी धरून जे सूक्ष्म शेवाळ गाळून खाता, ते या शहराच्या सांडपाण्यावर पोसलेले असते, आणि आपला गुलाबी वर्ण त्या शेवाळातूनच येतो. अर्थात ज्या वर्णावर कविमंडळी लुब्ध आहेत त्याचे मूळ भांडवल आमच्या न्हाणीघरांतून व शौचकूपांतून रवाना झालेले आहे. 2015 साली आपल्या नावे अभयारण्याची सनद निघाली, 2022 साली खाडी रामसर यादीत दाखल झाली. दोन्ही दफ्तरांत आम्हां पुरवठादारांचा उल्लेख नाही.

सांडपाणी शुद्ध करण्याच्या योजना ऐकू येतात. सुजाण नागरिक या नात्याने मी त्यांचा पुरस्कर्ता आहे, चारचौघांत तसे ठासून सांगतोही. मात्र माघातल्या सकाळी, धुके विरत असता, आपला सारा जथा एकदम उठतो आणि पंखांखालचा लाल-काळा पट उलगडतो, तेव्हा या योजना दोन-चार वर्षे लांबणीवर पडाव्यात अशी इच्छा मनात डोकावते, हे येथे कबूल करणे भाग आहे. हा कबुलीजबाब माझ्याविरुद्ध वापरू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बांधाचा जुना वहिवाटदार

ता. क. यंदाची पोरे अजून राखीच दिसतात. चिंता नसावी, पुरवठा अखंड चालू आहे.