दाजींची लांबची नाती

दाजींना नात्यागोत्यांची भारी आवड. सख्ख्या चुलतभावाच्या पोराचं नाव त्यांना आठवत नाही, भावकीतल्या लग्नात ते हमखास नवऱ्यामुलाच्या मामालाच नवऱ्यामुलाचा बाप समजून मिठी मारतात. पण रॅडिट्झ हा गोकूचा थोरला भाऊ, बार्डॉक दोघांचा बाप, आणि नप्पा हा व्हेजिटाच्या हाताखालचा माणूस, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी अचूक सांगतील.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. साताऱ्यात एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहेत. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून "हप्त्याचं काय करताय?" असं विचारायचं, आणि रात्री जेवणं झाली की ‘ड्रॅगन बॉल’. अकिरा तोरियामा नावाच्या जपानी चित्रकाराने 1984 साली ही चित्रकथा साप्ताहिकातून सुरू केली ती 1995 पर्यंत चालवली. तिच्यावरून टीव्हीवर मालिका आल्या. त्यातली ‘झी’ तेवढी 291 भागांची. सैयन नावाची एक लढवय्यी जमात आहे, फ्रीझा नावाच्या दुष्टाने त्यांचा ग्रहच उडवून दिलाय, आणि जे चार-दोन वाचले त्यांच्यातला एक, गोकू, लहानपणीच पृथ्वीवर आलाय. इतकं कळलं तरी दाजींशी बोलायला पुरे. बाकीचं तेच बोलतात.

बहुतेक लोक ही मालिका मारामारीसाठी बघतात. दाजी मारामारी आली की पाणी प्यायला उठतात. त्यांना रस घरातल्या भानगडींत. सैयन लोकांत लग्न कोण ठरवतं? पोर झालं की बारसं करतात का? सासू असते का? तोरियामांनी या बाबतीत अगदी हात आखडता घेतला आहे. दाजींचा मोकळा आहे.

या नादाचं मूळ लोडशेडिंगमध्ये आहे. दोन हजार सालानंतर कार्टून नेटवर्कवर ही मालिका लागायची तेव्हा दाजी कॉलेजात होते आणि कोरेगावकडच्या त्यांच्या गावात वीज मनाला येईल तेव्हा जायची. गोकूने हात वर केला की अंधार. वीज यायची तेव्हा गोकू भलत्याच ग्रहावर. मधलं सगळं डोक्यानेच भरून काढायचं. फ्रीझाने नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणून सांगितलं आणि ती पाच मिनिटं भागामागून भाग चालली, तेव्हा सगळी पोरं वैतागली. दाजी नाही. "आता मला सांगा, तिथे सूर्य तीन. रात्र होतच नाही. मग त्यांचं मिनिट आपल्याएवढं कसं असेल? नोंद घ्या."

"आता मला सांगा" म्हणजे आता तुम्ही काही सांगायचं नाही. "नोंद घ्या" म्हणजे विषय संपला.

व्हेजिटा आणि बुल्माचं प्रेम कसं जमलं, तो भागही लोडशेडिंगने खाल्ला असंच त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. व्हेजिटा हा सैयनांचा राजपुत्र, पृथ्वी नष्ट करायला आलेला. बुल्मा पृथ्वीवरची, हुशार, श्रीमंत बापाची, तोंडाने फटकळ. मध्ये तीन वर्षं जातात, आणि पडदा उघडतो तर बुल्माच्या कडेवर व्हेजिटाचं पोर! पुढे सीडी मिळाल्या, इंटरनेट आलं, दाजींनी एकेक भाग चाळून काढला, तेव्हा कळलं की वीज कधीच गेली नव्हती. तोरियामांनी ते धड दाखवलंच नव्हतं. एखादा निराश झाला असता. दाजींना तीन वर्षांचा मोकळा प्लॉट मिळाला.

त्यावर त्यांनी जी इमारत उभी केली आहे तिचा तळमजला असा: व्हेजिटा हा घरजावई आहे. नीट बघा, राहतो बुल्माच्या माहेरी. खातो तिथेच. सासऱ्याने व्यायामाला खोली बांधून दिली, तीही तीनशे पट गुरुत्वाकर्षणाची. ग्रह गेला, राज्य गेलं, आणि वर सासुरवाडीचं जेवण! "त्याचा तो सगळा ताठा कुठून येतो कळलं का? घरजावयाला ताठ राहावंच लागतं."

ताई त्या वेळी कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, आपण वरच्या मजल्याचं भाडं कोणाला देतो?"

दाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला. वरचा मजला आमच्या बाबांचा आहे.

ही सगळी संशोधनं पतसंस्थेच्या जुन्या डायऱ्यांत आहेत. मी एकदा एक उघडून बघितली. पट्टीने आखलेले चौकोन, चौकोनाला चौकोन जोडणाऱ्या रेघा. मालिकेत सांगितलेलं निळ्या शाईत, दाजींनी ताडलेलं पेन्सिलीत, आणि ज्याचा थांगपत्ता नाही ते लाल. मार्जिनमध्ये बारीक अक्षरात शेरे: ‘शेपटी मुलीकडेही जाते?’, ‘चीचीची आई – चौकशी बाकी’. आणि एक आख्खं पान पौर्णिमेवर. शेपटीवाला सैयन पूर्ण चंद्राकडे बघतो तेव्हा त्याचा डोंगराएवढा वानर होतो. त्यावरून दाजींचा निष्कर्ष: सैयनांत पौर्णिमेचा मुहूर्त धरत नसणार. मांडवच उरायचा नाही.

आमची आई त्यांची एकमेव निष्ठावान श्रोती आहे. मेथी निवडताना तिला काहीतरी ऐकायला लागतं, आणि दाजी काहीतरी सांगतच असतात. नामेकच्या लोकांबद्दल त्यांनी सांगितलं, की ते नुसत्या पाण्यावर जगतात, त्यांच्यात बाईमाणूस नाही, म्हातारा एकटाच तोंडावाटे अंडी घालतो आणि त्याची शंभरावर पोरं झाली. आईने एक जून पान बाजूला काढलं. "म्हणजे व्याही नाहीत. मानपान नाही. बरंय की."

"आणि त्यांच्यातला पिक्कोलो, आई, तो गोकूच्या मुलाला सांभाळतो. 2022 च्या सिनेमात तर त्या मुलाच्या मुलीलाही शाळेतून आणायला जातो. आईबापांना वेळ नसतो."

"जावईबापू, त्याला आपल्याकडे पाठवून द्या. मला गुडघ्यामुळे जिना होत नाही."

गोकूच्या लग्नाबद्दल मात्र वाद नाही, ते चित्रकथेतच आहे. लहानपणी त्याने चीचीला लग्नाचं वचन दिलं ते लग्न ही काहीतरी खायची वस्तू आहे अशा समजुतीने. मोठेपणी ती वचन मागायला उभी राहिली आणि याने ते पाळलं. दाजींना हे फार आवडतं. "आमच्याही लग्नाला निम्मे लोक त्याच समजुतीने आले होते," म्हणतात.

त्यांचा खरा विरोधक घरातच वाढतोय. माझा भाचा नववीत आहे आणि त्याला सगळं माहीत असतं. सैयन चिडला की केस सोनेरी होतात, त्यावर दाजींची थिअरी अशी की हा वयात आल्याचा विधी आहे, आपल्याकडच्या मुंजीसारखा. भाच्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "बाबा, तोरियामाने स्वतः सांगितलंय. काळे केस भरत बसायला सहायकाला वेळ लागायचा. पांढरे सोडले की काम वाचतं."

मला वाटलं, झालं. दाजींनी चष्मा पुसला. "कर्जदार सांगतो ते एक कारण असतं आणि खरं एक असतं. वीस वर्षं हेच बघतोय. नोंद घ्या."

मला त्यांचा राग येतो तो इथे. ज्याने हे जग काढलं त्यालाही यांच्यासमोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, आणि तो खोटं बोलतोय हे गृहीत. पण 2014 साल आठवलं की राग टिकत नाही.

तोवर गोकूची आई कोण, हे कुठेच आलं नव्हतं. बाप बार्डॉक होता, टीव्हीवर त्याचा खास भागही होऊन गेला होता, आईचा पत्ता नाही. दाजींच्या डायरीत बार्डॉकच्या शेजारी पेन्सिलीचा रिकामा चौकोन, आत लिहिलेलं: ‘मऊ स्वभावाची असणार.’ कारण काय, तर गोकू शत्रूलाही दुसरी संधी देतो. हा गुण बापाच्या वळणाचा नाही, तेव्हा आजोळचा. त्या वर्षी तोरियामांनी एक छोटी कथा काढली आणि तीत आई आली. नाव गिने. लढाईला न मानवणारी, मांस वाटपाच्या जागी काम करणारी, आणि नवरा-बायकोत सैयनांत सहसा नसणारी माया.

दुसऱ्या दिवशी दाजींनी कचेरीत कंदी पेढे वाटले. शिपाई म्हणाला, "अभिनंदन साहेब! मुलगा की मुलगी?"

"आई," दाजी म्हणाले.

शिपायाने पेढा खाल्ला आणि पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन दाजींनी पेन्सिलीवरून निळी शाई फिरवली, चौकोनाबाहेर जाऊ न देता.

लाल शाईतली एक बाई मात्र अजून लालच आहे. लाँच. शिंकली की स्वभाव बदलायचा, गरीब गाय शिंकेसरशी बंदूक घेऊन उभी. तिचा जीव तीन डोळ्यांच्या टिएनवर होता. पुढे ती कथेतून गायबच झाली, आणि तोरियामांनी नंतर सरळ सांगून टाकलं की मी तिला विसरलो. दाजींना हे कधीच पटलं नाही. चालतं खातं असं विसरतं का कोणी?

8 मार्च 2024 ला तोरियामा गेल्याची बातमी आली. गेले होते ते 1 तारखेलाच, अडुसष्टाव्या वर्षी. बातमी आली त्या दिवशी महाशिवरात्र होती. दाजींनी साबुदाण्याची खिचडी निम्मी टाकली, आणि उपासाला ते दोनदा घेणारे. ताईने ताट उचललं, बोलली काही नाही. संध्याकाळी मी वर गेलो तर डायरी उघडी. मी म्हटलं, दाजी, आता कोणाला विचारणार? तर म्हणे, "विचारायचं काय त्यात? ती टिएनकडेच आहे. डोंगरात राहतात, शेती करतात. तिला धुळीची ॲलर्जी आहे, तेवढं त्याने सांभाळून घ्यायला हवं." आणि मग तासभर मी लाँचच्या संसाराबद्दल ऐकलं. मला दुसरं काम होतं.

परवा चुलतबहिणीच्या मुलीला बघायला फलटणचे पाहुणे आले. पगार झाला, फ्लॅट झाला, गावाकडची शेती झाली. शेवटी मोठे जावई म्हणून बाबांनी मान दिला, "दाजी, तुम्हाला काही विचारायचंय का?" ताईने डोळे मिटून घेतले.

दाजींनी मुलाकडे आपादमस्तक बघितलं. "पौर्णिमेला घरी असता का?"

मुलगा गोंधळला. त्याचे वडील मात्र एकदम खूश. "असतो म्हणजे? आमच्याकडे दर पौर्णिमेला सत्यनारायण असतो. पूजेला हाच बसतो."

"मग हरकत नाही," दाजी म्हणाले, आणि पोह्यांची बशी पुढे ओढली.