सागवानवाले अण्णा

बीड जिल्ह्यात कुठंही जुनं माळवद उकलायला घेतलं, की अण्णा हजर. बोलावणं लागत नाही. पांढरीचा धुरळा दिसला तरी पुरतो. धोतराचा सोगा नाकाला लावायचा, उतरवलेल्या तुळईवर चावीनं टकटक करायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि जाहीर करायचं, "सागवान. निजामाच्या काळातलं."

निजामाचं राज्य इथं 1948 पर्यंत होतं, त्यामुळं काळ खरा असण्याची शक्यता दांडगी. सागाचं तसं नाही. इथल्या माणसानं घर बांधताना आधी स्वतःच्या बांधाकडं बघितलं. तिथं बाभळ होती, लिंब होता. ऐपत असली तर दरवाजाला साग. वर किलचाला मिळेल ते. पण हे सांगणाऱ्याला दुसरा चहा कोण देतो?

शिवाय अण्णा लाकडाआधी मालक बघतात. पाटलाच्या वाड्यातली तुळई किडलेली असली तरी साग. पुण्याहून गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासाठी तीच 'बर्मा'. आणि लग्नात ज्यानं अण्णांना टोपी-टॉवेल दिला नाही, त्याचा सरळसोट खांबही लिंबाचा!

चुलीच्या धुरानं सगळी लाकडं सारखीच काळी झालेली असतात, त्यावर अण्णांचं दुकान चालतं. परवा मात्र एक तरणा सुतार भेटला. तो टकटक करेना. पटाशीला धार लावून त्यानं तुळईचं आडवं तोंड स्वच्छ छिललं, थुंकी लावली आणि भिंग धरलं. म्हणाला, "सागाच्या वर्तुळात मोठ्या छिद्रांची ओळ दिसती. ताज्या छिलक्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकट लागतं. यात काहीच नाही. छिद्रं विखुरलेली, गाभा लाल. सागाचं घनमीटर साधारण साडेसहाशे किलो, बाभळीचं आठशेच्या आसपास. उचलून बघा."

चौघांनी उचलली. चौघंही कण्हले. घरमालकाचं तोंड पडलं. त्यानं सोफ्याचं माप आधीच देऊन ठेवलं होतं.

अण्णा जराही हलले नाहीत. "बाभळच आहे," ते म्हणाले, "पण सागाच्या संगतीत वाढलेली."

मग उरलेला चहा बशीत ओतून त्यांनी सुताराला विचारलं, "तू कोणाचा रे? गाव कोणतं?"