‘फक्त’ या शब्दाविरुद्ध तक्रार

‘मोटर फक्त बोर्डाला जोडा आणि ग्राउंड पूर्ण करा.’

रोबोटिक्सच्या एका खोक्यातून आलेल्या पत्रकातलं हे वाक्य. हिंगोली जिल्ह्यातल्या सातवीच्या मुलांसाठी मराठीत पुस्तिका लिहायला बसले, तेव्हा या एका वाक्यात माझी अख्खी दुपार गेली. आमच्या मुलांच्या लेखी मोटर म्हणजे विहिरीवरची. बोर्ड म्हणजे भिंतीवरचा बटणांचा, नाहीतर दहावीचा. ग्राउंड म्हणजे जिथं कबड्डी चालते ते. शब्द अनोळखी असता तर मुलानं विचारलं असतं. ओळखीचा शब्द भलत्या अर्थानं समोर आला की मूल विचारत नाही, गप्प बसतं. त्या गप्प बसण्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी क्रमानं मांडणार आहे.

पहिली तक्रार ‘फक्त’ या शब्दाची. ‘फक्त जोडा’, ‘फक्त अपलोड करा’. ज्याला ते येतं त्याच्यासाठी हा शब्द निरर्थक आहे. ज्याला येत नाही त्याला तो सांगतो, की हे सोपं होतं, तरी तुला जमलं नाही. सूचनेत या शब्दाचं दुसरं काही काम नाही.

दुसरी तक्रार गाळलेल्या पायरीची. खोक्यातला आर्डुइनो बोर्ड संगणकाला जोडायची केबल बहुधा प्रिंटरच्या केबलसारखी चौकोनी तोंडाची असते. हे कोणी लिहीत नाही, म्हणून मूल मोबाइलची केबल घेऊन खटपट करत राहतं. स्वस्तातल्या बोर्डांवर बहुधा सीएच ३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर संगणकात नसेल तर पोर्टच्या यादीत बोर्ड दिसत नाही. पत्रक म्हणतं, ‘यादीतून आपला पोर्ट निवडा’. यादी रिकामी असते. रिकाम्या यादीतून काय निवडायचं, हे पत्रकात नसतं, आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायला त्या दिवशी शाळेत नेट असेलच असं नाही. मी आता ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून खोक्यातच ठेवते.

ग्राउंडचं तर फार मनाला लागलं. मोटरींना एक बॅटरी आणि बोर्डाला दुसरी, अशी जोडणी केली की दोन्हींचे ग्राउंड एका तारेनं जोडावे लागतात. ही तार बहुतेक चित्रांत काळ्या रेषेसारखी कोपऱ्यातून निघून जाते आणि मजकुरात तिचा उल्लेखही नसतो. ती नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही मोटर बोर्डाचं ऐकत नाही. ‘अर्थिंग’ म्हणावं तर मुलांना वाटतं, तार जमिनीत पुरायची. शेवटी मी असं लिहिलं: दोघांची उंची मोजायची असेल तर दोघांनी एकाच जमिनीवर उभं राहायला हवं, व्होल्टेजही तसंच कशाच्या तरी तुलनेत मोजतात, आणि ती जमीन म्हणजे ग्राउंड. दोन ओळी जास्त लागल्या. त्या दोन ओळींसाठी पत्रकात जागा का नसावी?

पिवळ्या बीओ मोटरींसोबत छोटी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी देतात. दोन मोटरी एकदम सुरू व्हायला जेवढा करंट लागतो तेवढा ती देऊ शकत नाही. मोटरी हलतात, व्होल्टेज पडतं, बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. शिवाय बोर्ड आणि मोटरींच्या मध्ये बसणारा एल २९८ एन हा मोटर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. मूल मात्र आपला प्रोग्राम तपासत बसतं. चूक बॅटरीची, आणि तासभर झिजतं मूल.

पुढचं वाक्य: ‘आता तुमचा रोबो सरळ चालेल.’ तो सरळ चालत नाही. दोन मोटरी एकमेकींच्या उलट दिशेला तोंड करून बसवलेल्या असतात, म्हणून तारा सारख्याच जोडल्या तर एक चाक पुढं जातं, एक मागं, आणि गाडी जागेवर गिरक्या घेते. तारा उलटल्यावरही ती एका बाजूला ओढतेच, कारण एकाच खोक्यातल्या दोन मोटरींचा वेग कधी अगदी सारखा नसतो. वेगाचे आकडे थोडे कमीजास्त करून ते सावरावं लागतं. हे सावरणं म्हणजेच रोबोटिक्स आहे, आणि नेमकं तेच एका खोट्या वाक्याखाली झाकलं जातं.

काळ्या पट्टीवरून चालणाऱ्या रोबोचा धडा पांढऱ्या गुळगुळीत फरशीसाठी लिहिलेला असतो. आमच्या वर्गात शहाबादी फरशी. ती स्वतःच काळसर, त्यात धुळीमुळे चिकटपट्टी टिकत नाही. दार उघडं ठेवलं की ऊन आत येतं आणि त्या उन्हातल्या अवरक्त किरणांनी पट्टी ओळखणारा सेन्सर गोंधळतो. दार लावलं तर पत्र्याखाली मार्चमध्ये बसवत नाही. मी जुन्या फ्लेक्सची पांढरी उलट बाजू वापरते, वर्ग सकाळी लवकर घेते, आणि सेन्सरवरचा छोटा स्क्रू कसा फिरवायचा ते चित्र काढून दाखवते. यातलं कुठल्याही पत्रकात नव्हतं.

आता प्रोग्रामकडे वळते. आज्ञेतलं मधलंच एखादं अक्षर मोठं हवं असतं, ‘डिजिटलराइट’मधल्या डब्ल्यूसारखं. आमची मुलं ज्या लिपीत वाचायला शिकली, तिच्यात मोठी आणि लहान अशी दोन अक्षरंच नाहीत. त्यांच्या डोळ्यांना तो फरक दिसायला वेळ लागतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. अर्धविराम सातव्या ओळीत सुटलेला असतो, संगणक बोट ठेवतो आठव्या ओळीवर. मूल आठवी ओळ पाच वेळा पुसून लिहितं. ‘चूक दाखवली असेल त्याच्या वरची ओळही बघा’, एवढं एक वाक्य मी चौकटीत छापलं आहे.

उदाहरणांबद्दलही बोलायलाच हवं. पत्रकं मंगळावरच्या गाडीपासून सुरुवात करतात, नाहीतर कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकापासून, जिथून ‘रोबोट’ हा शब्द आला. तो शब्द मुळात वेठीसाठीचा आहे, आणि हे मुलांना जरूर सांगावं. वेठ हा शब्द मराठवाड्यात समजावून सांगावा लागत नाही. पण पहिला रोबो मुलांनी घरीच पाहिलेला असतो. शेतातल्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. थ्री फेज लाईट आली की तो ते ओळखतो, थोडं थांबतो आणि मोटर सुरू करतो. रात्री-अपरात्री कोणाला शेतात जावं लागत नाही. जाणणं, ठरवणं, करणं. वसमतकडच्या हळदीच्या रानात वाढलेल्या मुलाला हे तीन शब्द ऑटोवरून पाच मिनिटांत कळतात. तसंच आवाजावरून अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरचं. विहिरीत वाकून हाक मारलेली असते प्रत्येकानं. आवाज जाऊन परत येतो, म्हणून वेळेला दोननं भागायचं. विहीर आठवली की तो ‘दोन’ कुठून आला, हे कोणी विचारत नाही.

मी एवढं बारीकसारीक का धरून बसले आहे, तेही सांगते. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान ठरलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब सरकारी शाळांत उभ्या करण्याची घोषणा झाली. खोकी येतील. आणि आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सव्वीसशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना टांगलेले आरसे तिथं जागेवर स्थिर ठेवायचे आहेत: हललेलं ओळखायचं, किती हललं ते मोजायचं, तेवढंच सावरायचं. आमची गाडी फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवर हेच करते. औंढ्याच्या मुलानं त्या आवारात फक्त पाहुणा म्हणून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याची वाट एका न छापलेल्या काळ्या तारेपाशी अडू नये.

कारण अडलेलं मूल पत्रकाला दोष देत नाही. ते म्हणतं, ‘मला नाही जमत, मॅडम.’ छापलेलं चुकत नसतं, असं आम्हीच त्याला शिकवलेलं आहे.

माझ्या पुस्तिकेत आता प्रत्येक पायरीपुढे एक रकाना आहे: ‘असं झालं नाही तर’. ‘फक्त’ मी सगळीकडून काढला आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे, की अडलात तर आधी पुस्तिकेत चूक शोधा आणि पेन्सिलनं लिहून ठेवा.

गेल्या महिन्यात एका मुलीनं तिची प्रत परत दिली. समासात लिहिलं होतं: ‘पायरी ४ आणि ५ च्या मधी एक पायरी राहिली.’ मी पाहिलं. बॅटरीच्या डबीचं बटण चालू करायला मी सांगितलंच नव्हतं. नव्या छपाईत ती पायरी आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे आकडे एकेकानं वाढले आहेत.