घडियाल बघायला निघाले आणि ऊस आडवा आला

डिसेंबरात ‘जरा मोकळ्या हवेत, सगळे मिळून’ सुट्टी घालवायला लखनौ गाठायचं, हे दक्षिण महाराष्ट्रातल्या माणसालाच सुचू शकतं. कोल्हापुरात डिसेंबरचा स्वेटर पहाटे अंगात असतो आणि अकराला कमरेला. लखनौत तो एकदा चढला की संक्रांतीशिवाय उतरत नाही. पहाटेची थंडी कुणीही सोसतं. खरी अडचण दुपारची. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली गेलं आणि दिवसाचं सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी राहिलं, की हवामान खातं त्याला ‘शीत दिवस’ म्हणतं. गंगेच्या मैदानात जमीन ओलसर, वारा पडलेला, रात्री गार झालेली हवा जमिनीलगत बसून राहिलेली. त्यातून धुकं होतं, धुकं ऊन अडवतं, आणि ऊन नाही म्हणून धुकं हटत नाही. हे सगळं अण्णांना जानकीपुरमच्या गच्चीवर त्यांच्या मेहुण्यांनी समजावून सांगितलं. अण्णा एकावर एक शाली पांघरून ऐकत होते, आणि आपल्याला हे कोल्हापुरात का सांगितलं नाही असा त्यांचा चेहरा होता.

अण्णांनी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर प्रवासवर्णनं लिहायला घेतली. त्यांची पद्धत सोपी आहे: लेख आधी, प्रवास मागाहून. या वेळीही वहीत प्रकरणं तयार होती. ‘कुकरैलचे घडियाल : एक रोमांचक भेट’ हे प्रकरण तर पूर्ण लिहून झालं होतं, फक्त तारीख कोरी होती.

“मग जायचं कशाला? तिकिटाचे पैसे तरी वाचतील,” असं माई म्हणाल्या.

“तपशील तपासून घ्यायला लागतात की.”

माई, मुलगा, सून, नात, नातू आणि चकल्यांचा डबा असा लवाजमा निघाला. कानपूरच्या अलीकडे गाडी धुक्यात शिरली आणि चालणं-थांबणं यांतला फरक मिटला. धुक्यात सिग्नल दिसत नाही म्हणून रेल्वेचा माणूस त्याच्या बराच अलीकडे रुळावर पटाखे बांधून ठेवतो. चाक वरून गेलं की ते फुटतात आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला. आता इंजिनात उपग्रहाच्या आधारानं चालणारं यंत्रही असतं, पण पटाख्यांची नोकरी अजून शाबूत आहे. नातवाला वाटलं, आपल्याच स्वागताला फोडताहेत. त्याचा गैरसमज कुणी दूर केला नाही. घरात एकाला तरी प्रवास आवडला पाहिजे.

जानकीपुरम हे लखनौच्या उत्तरेचं उपनगर, गोमतीपलीकडे, सीतापूर रोड आणि कुर्सी रोडच्या बेचक्यात वसलेलं. २०१७ मध्ये सुरू झालेली मेट्रो इकडं फिरकलेली नाही. इथं ई-रिक्षाचं राज्य आहे. अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या, नवऱ्याच्या नोकरीमुळं इथं आली आणि इथलीच झाली. आतोबा औषधसंशोधनातले. इथं त्या क्षेत्राची मोठी जागा म्हणजे १९५१ साली स्थापन झालेली केंद्रीय औषध संशोधन संस्था. ती साठ वर्षं छत्तर मंझिलमध्ये, म्हणजे चक्क नवाबी महालात होती आणि नंतर या बाजूला नव्या इमारतीत आली. आतोबांचं घर मात्र, लखनौतल्या बहुतेक घरांप्रमाणे, फक्त मे महिन्याचा विचार करून बांधलेलं आहे. उंच छत, गार फरशी, वारा यावा म्हणून मोठ्या खिडक्या. डिसेंबरात त्या फरशीवर अनवाणी पाय पडला की माणूस आपोआप देवाचं नाव घेतो. बाहेर थंडी म्हणून आत यावं, तर आत जास्त थंडी. शेवटी सगळे गच्चीवर जाऊन बसत आणि न आलेल्या उन्हाच्या दिशेनं तोंड करून हिरव्या चटणीशी भुईमुगाच्या शेंगा खात. आत्या हिरव्या वाटाण्याचा निमोना आणि तहरी करी, आणि एवढ्या एका बाबतीत लखनौला नावं ठेवायची सोय नव्हती.

प्रेक्षणीय स्थळं झाली. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलानं १७८४ मध्ये काम सुरू केलेला बडा इमामबाडा पाहिला. त्याच्या भूलभुलैयातून कुटुंब विनासायास बाहेर पडलं, ही गोष्ट पुढच्या हकिगतीच्या दृष्टीनं ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कैसरबागेत विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ मध्ये उभं केलेलं संगीत महाविद्यालय (आता ते विद्यापीठ झालंय) अण्णांनी रस्त्यावरूनच पाहिलं आणि ‘आपला माणूस’ एवढे दोनच शब्द वहीत लिहिले. इतकं थोडक्यात त्यांनी आजवर काही लिहिलेलं नाही.

मग घडियालांचा दिवस उजाडला. उजाडला असं घड्याळ म्हणत होतं.

कुकरैलचं जंगल शहराला लागूनच आहे. १९७५ च्या सुमाराला उत्तर प्रदेशातल्या नद्यांमध्ये जेमतेम ३०० घडियाल उरलेत असं दिसल्यावर तिथं त्यांचं पैदास केंद्र काढलं. तिथं वाढलेली पिल्लं चंबळसारख्या नद्यांत सोडली गेली. घडियाल थंड रक्ताचा, त्यामुळं हिवाळ्यात तो काठावर येऊन ऊन खातो आणि आयताच दिसतो. योजना शास्त्रशुद्ध होती. फक्त घडियालाला जे ऊन लागतं, तेच नव्हतं.

धुकं किती आहे ते आधी मोजू, असं आतोबा म्हणाले. शास्त्रज्ञच ते. नातवाला लाल कानटोपी घालून गल्लीत चालत जायला सांगितलं. टोपी दिसेनाशी झाली ती पलीकडच्या दुसऱ्या फाटकापाशी. “पन्नास मीटरच्या आत. म्हणजे अतिदाट,” असा आतोबांनी निकाल दिला. पुढचा काही वेळ नातवाला शोधण्यात गेला.

तरीही निघाले, कारण दशम्या झाल्या होत्या. इंजिनिअरिंग कॉलेज चौकातून रिंग रोडला लागायचं, टेढी पुलिया, मग खुर्रमनगर, तिथून पिकनिक स्पॉट रोड. आतोबांना हा रस्ता झोपेतही सापडला असता, धुक्यात सापडेना. समोर काचेवर नुसता कापूस. मोबाइलमधली बाई वळा वळा म्हणत होती, पण वळायला रस्ता दिसायला हवा. एकदा दुभाजक समजून ज्याच्या कडेनं गाडी नेली, तो उठून उभा राहिला. सांड होता. त्यानं गाडीकडं बघितलं आणि अपमान गिळून तो धुक्यात निघून गेला.

तेवढ्यात पुढून काचेवर टकटक झाली. उसाचं वाढं! ट्रॅक्टरची ट्रॉली, वर ऊस मावेल तितका, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त बाहेर आलेली वाढी. सुनेनं किंकाळी फोडली. अण्णांचे डोळे मात्र लकाकले. सात दिवसांत पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं होतं.

“हिच्या मागनं चला,” अण्णा म्हणाले. “ट्रॉलीवाल्याला रस्ता माहीत असतोय.”

“अण्णा, अरे तिला कुकरैलला कशाला जायचं असेल?” आत्यानं विचारलं.

“हमरस्त्याला तर लागेल? त्या बाईला आधी गप्प करा, डोस्कं उठवलंय.”

मोबाइलमधली बाई गप्प झाली. ट्रॉली हमरस्त्याला लागलीही, फक्त तो सीतापूर रोड होता. बैलगाडीच्या वेगानं, काचा खाली करून, आतोबा वाढ्यांकडं आणि बाकीचे आतोबांकडं बघत राहिले. बक्षी का तालाब मागं पडलं असावं. पाटी एकट्या नातीनं पाहिली, पण तिचं कुणी ऐकलं नाही. अण्णा उसाच्या जातीवर बोलत होते. इटौंज्याच्या पुढं ट्रॉली कच्च्या रस्त्याला वळली, गाडीही वळली, आणि दोन्ही एका शेतात थांबल्या.

माई शांतपणे म्हणाल्या, “आलं वाटतं जंगल.”

समोर धूर होता, धुक्याहून पिवळट, आणि त्याला वास होता. अण्णा गाडी थांबायच्या आत उतरले. इकडं त्याला कोल्हू म्हणतात. अण्णांच्या लेखी ते गुऱ्हाळ होतं, आणि आपण वाट चुकलोय हे त्या क्षणापासून आजवर त्यांनी मान्य केलेलं नाही. चरक चालू होता, चुलवाणात चिपाडं जळत होती, मोठ्या कढईत रस उकळत होता. सगळं कुटुंब चुलवाणाच्या तोंडाशी ओळीनं बसलं. लखनौत आल्यापासून पायांची बोटं पहिल्यांदा हलली. कारखान्याची पर्ची वेळेवर येत नाही, पैसे त्याहून उशिरा, म्हणून निम्मा ऊस इथं रोखीनं घालतो, असं ट्रॉलीवाला सांगत होता. अण्णा चिडले. त्याच्यावर नव्हे, एकूणच. “तिकडं तोड येत नाही, इकडं पर्ची येत नाही. ऊस लावणाऱ्यानं काय आयुष्यभर वाटच बघायची?” हे मराठीत बोलले, पण ट्रॉलीवाल्यानं “बिल्कुल सही” म्हटलं.

मग अण्णांचं हिंदी सुरू झालं. “हमारे कोल्हापूर में दस किलो का रवा होता है. तुमारा इतना छोटा कायको?” कढईवरच्या म्हाताऱ्यानं भेलीकडं बघितलं आणि नम्रपणे सांगितलं की बाबूजी, इथं घरात दाताला जेवढी लागते तेवढी करतात. अण्णांनी भेली हातात घेतली, फोडली, वास घेतला, कण बोटांत चोळला. “मळी नीट काढलीय,” ते स्वतःशीच म्हणाले. मळी काढायला दोन्हीकडं भेंडीचा चिकट रसच घालतात, हे कळल्यावर दोघं म्हातारे पाव्हण्यासारखे बोलू लागले.

रस आटत आला तसा म्हाताऱ्यानं पाण्याच्या वाडग्यात थेंब टाकला आणि त्याची बोटांनी गोळी वळली. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. अण्णा ते डाग बघत राहिले. त्यांचे वडील गुळव्या होते. पंचगंगेच्या काठच्या गुऱ्हाळांवर हंगामभर राबायचे, आणि अण्णांना अडतीवर बसवलं ते असे डाग पोराच्या हातावर येऊ नयेत म्हणून. ही गोष्ट सुनेला माहीत नव्हती. मुलालाही नव्हती. अण्णांनी ती सांगितलीही नाही. आत्यानं सांगितली, हळू आवाजात, निम्मी हिंदीत. म्हाताऱ्यानं गोळी अण्णांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती दाबली आणि मान हलवली: अजून दोन मिनिटं. म्हातारा थांबला.

दशम्या गरम गुळाशी खाल्ल्या. चकल्या कोल्हूवर वाटल्या. दुपारी दोनला ऊन आलं तेव्हा कळलं की कोल्हूच्या चारी बाजूंना मोहरी फुललेली आहे आणि इतका वेळ सगळे पिवळ्याधमक शेतात बसले होते. नातवंडं बांधावरून धावत सुटली. निघताना अण्णांनी भेल्यांचा भाव केला, आणि तोही असा की देणाऱ्यानं कमी सांगितला तो त्यांनी वाढवून घेतला. अडतीवरचे लोक हे वाचतील तर विश्वास ठेवणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं आणि कुकरैल पंधरा मिनिटांवर निघालं. घडियाल होते. नाकावर मडकं असलेला एक थोरला नर जबडा उघडा टाकून काठावर पडला होता. त्याच्या शेजारी आणखी काही पडले होते. अण्णांनी वही काढली. वहीतल्या मजकुरात घडियाल पाण्यातून झेप घेऊन मासा पकडत होता. अण्णा अर्धा तास कठड्याशी थांबले, पण घडियालानं पापणीही हलवली नाही.

“अहो, चला आता,” माई म्हणाल्या. “त्याला कळतंय. एवढं ऊन पडल्यावर कुणी कुठं जात नाही.”